बाजूचं दार

लेकीच्या लग्नासाठी चर्च निवडायचं काम टेपकाकांकडे आलं, ते शहरातली झाडून सगळी चर्चं त्यांच्या पायाखालची होती म्हणून. एकतीस वर्षांत ते गेले नाहीत असं एकही चर्च उरलं नव्हतं. फक्त दर वेळी ते पेटीबरोबर गेले होते. काका शवपेट्या बनवायचे. मोजायचा टेप कायम खिशात, म्हणून हे नाव पडलं. (खरं नाव काकींनाही एखादा अर्ज भरायची वेळ आली की मगच आठवायचं.)

"बाबा, तुम्हाला सगळी ठाऊक आहेत. एक सुंदरसं निवडा ना," लेक म्हणाली.

"बघतो मी," काका म्हणाले. पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांनी घडवलं.

निवडायचं होतं आणि तेही लवकर. काकी चार महिने अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून, खांद्यावर हात ठेवून "तीन महिने" असं सांगितलं होतं. लोकांच्या खांद्यावर हात ठेवणं हा काकांच्या धंद्याचा रोजचा भाग. आपल्या खांद्यावर आलेला हात त्यांना सोसवला नाही. घरी येऊन त्यांनी काकींना काहीच सांगितलं नाही. काकींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लेकीचं लग्न दोन महिन्यांत उरकायचं ठरवून टाकलं. लेकीला वेदीसमोर उभी बघायची आणि मग काय व्हायचं ते होवो, एवढंच त्यांचं मागणं होतं.

विहीणबाईंच्या अटी दोनच होत्या. चर्च फोटोत उठून दिसलं पाहिजे आणि मुलीच्या बापाच्या धंद्याचा वारासुद्धा लग्नाला लागता कामा नये.

काका रजा टाकून निघाले. (रजा स्वतःकडेच मागायची होती, तरी त्यांनी ती दोनदा नाकारली.) पहिलं चर्च टेकडीवरचं. रंगीत काचांतून ऊन आत आलं की फरशीवर निळे-तांबडे तुकडे पसरायचे. बघणारे हरखून जात. काकांना तिथे दिसल्या तेवीस पायऱ्या. एकशे बारा किलोचा बेकरीवाला त्यांनी त्याच पायऱ्यांवरून वर नेला होता, आणि अजूनही थंडी पडली की त्यांची कंबर त्याची आठवण काढायची. काकींना तेवीस पायऱ्या कशा चढवणार? चर्च बाद झालं.

दुसरं नव्या पद्धतीचं, गोल. उजेड भरपूर, छत उंच, पण आत शिरताना असं वळण की पेटी तिरकी धरावी लागे. "बेढब," काका मनाशी म्हणाले. शेजारी एक तरुण जोडपं माना वर करून छताकडे बघत होतं. काकांनी त्यांनाही वळणाबद्दल सावध केलं. ती दोघं जरा लगबगीनेच निघून गेली.

तिसरं बस डेपोच्या मागचं. बाहेरून पिवळं, साधं. समोर पाच पायऱ्या होत्या, पण बाजूला एक दार होतं, थेट रस्त्याच्या पातळीवर. ना उंबरा, ना वळण. त्या दारातून काकांनी शेकडो माणसं अलगद आत नेली होती. आत लाकडी छताचे सांधे इतके नेमके बसवलेले, की एकही खिळा दिसू नये. काका पहिल्या बाकावर बसले आणि पहिल्यांदाच मान वर करून त्या छताकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. या दारातून लवकरच कोणाला आणायचंय ते त्यांना माहीत होतं, आणि त्याआधी इथे एक आनंदाचा दिवस व्हावा असं त्यांना मनापासून वाटलं.

चर्चच्या ऑफिसातल्या बाई जेवायला गेल्या होत्या. काकांनी सवयीने खिशातलं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, चिठ्ठी भरली आणि दाराच्या फटीतून आत सरकवली. लेकीचं नाव, वय सत्तावीस, शनिवार, सकाळी दहा, बाजूचं दार, मेणबत्त्या सहा, फुलं पांढरी. वर दुकानाचं नाव छापलेलं होतं आणि त्याखाली एक छोटा काळा क्रूस. एकतीस वर्षं ते अशाच चिठ्ठ्या सरकवत आले होते, आणि 'कार्य कोणतं' असा रकाना त्या चिठ्ठीत कधी लागलाच नव्हता.

घरी आल्यावर काकींनी विचारलं, "माझी खुर्ची जाईल ना आत?"

चाकांची खुर्ची कपाटाला टेकून उभी होती. तिच्याकडे न बघताच काका म्हणाले, "डोळे मिटून."

इकडे ऑफिसातल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, आडनाव पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. खात्री करायला फोन करायचा होता, पण पोटची पोर गेलेल्या माणसाला काय विचारणार, म्हणून त्यांनी केला नाही.

नेमक्या त्याच आठवड्याच्या रविवारी विहीणबाई चर्च बघायला म्हणून तिथे मिस्साच्या प्रार्थनेला गेल्या. छत त्यांना पसंत पडलं. मग फादरांनी आठवड्यातल्या मृतांची यादी वाचली. शेवटचं नाव त्यांच्या होणाऱ्या सुनेचं होतं. तिच्या आत्म्याला चिरशांती लाभो, असं सगळं चर्च एका आवाजात म्हणालं. विहीणबाईही सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांना घाम फुटला.

अर्ध्या तासात त्या काकांच्या दारात हजर. दार लेकीनेच उघडलं, हातात इस्त्री. विहीणबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं आणि भिंतीला धरून आत आल्या. काय झालं ते त्या सांगत असताना काकांचा चेहरा हळूहळू त्यांनीच पॉलिश केलेल्या लाकडासारखा होत गेला.

"चिठ्ठी..." काका म्हणाले.

"मी आधीच बजावलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "हा अपशकुन आहे. वर्षभर थांबू या. नाहीतर मोडूच या."

लेक इस्त्री तशीच धरून उभी राहिली. काकांना वाटलं, आपल्याच मापाची एखादी पेटी तयार असती तर आत झोपून झाकण ओढून घेतलं असतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं. काकी हसत होत्या. हसता हसता खोकल्या आणि पुन्हा हसल्या. चार महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

"विहीणबाई, आत या जरा," त्या म्हणाल्या. "त्या यादीत नाव माझं यायचंय. डॉक्टरांनी मला तीन महिने दिलेत. हे सांगत नाहीत, पण मला कळतं. त्यातला एक तुमच्या फोटोवाल्याच्या तारखा जुळवण्यात गेला. माझं नाव वाचायच्या आत लेकीला उभी बघू द्या. मग खुशाल अपशकुन मोजत बसा."

विहीणबाईंनी पाणी मागितलं, सगळा पेला संपवला आणि काकींची चादर पायाशी नीट केली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण यांनी त्या दिवशी टेप आणायचा नाही."

शनिवार उजाडला. काकांनी चाकांची खुर्ची बाजूच्या दाराशी आणली. आधी काकींना पुढच्या बाकाशी पोचवायचं आणि मग समोरच्या दाराने लेकीला आणायचं, असं ठरलं होतं. पाहुणे बसले होते, ऑर्गन वाजत होता. खुर्ची दारात शिरली आणि दोन्ही चाकं चौकटीला कच्चकन अडली.

काकांनी मागे घेतली, पुन्हा ढकलली. ती पुन्हा अडली. हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

काकींनी चौकटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुम्ही माप घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं," काका म्हणाले आणि मान खाली घातली.

"खुर्चीचं?"

काकींना सगळं कळलं. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला.

"पेटी जाते का यातून?"

"आरामात. दोन्हीकडून इंचभर राहतं."

"मग बरं झालं. पुढच्या वेळी खोळंबा नको."

काकांनी वाकून त्यांना उचललं. आयुष्यभर ओझी वाहिली, पण इतकं हलकं काही त्यांनी कधी उचललं नव्हतं, आणि ते हलकेपण त्यांच्या काळजात रुतलं. ते मधल्या वाटेने निघाले. नजर खाली, एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. त्या चालीने काका आत आले की उठून उभं राहायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दोन्हीकडची बाकं उठली. ऑफिसातल्या बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. ऑर्गनवाल्यानेही बिचाऱ्याने संथ सूर धरला.

निम्मी वाट झाली असेल. काकींनी तोंड काकांच्या कानाशी नेलं.

"अहो, जरा भरभर चाला," त्या म्हणाल्या. "मी अजून आहे."