भिंतीला कान लावणारे चौधरी नाना

चौधरी नाना कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंतीला कान लावतात.

यजमान "या, बसा" म्हणत असतो. नाना बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प करतात, डोळे मिटतात, आणि मिनिटभराने डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणतात, "हवा धरलीय." म्हणजे पाइपात हवा अडकलीय. तळमजल्यावरच्या वाणी काकांकडे सत्यनारायण होता, तेव्हाही ते असेच भिंतीला चिकटून उभे होते. भटजींना वाटलं, यांना चक्कर आली. त्यांनी पोथी थांबवून तीर्थ आधी नानांना पाजलं. नाना ते प्यायले आणि म्हणाले, "बोअरचं आहे. क्षार जास्त."

जळगावात आमची तीन मजल्यांची बिल्डिंग आहे. मी पहिल्या मजल्यावर, नाना माझ्या डोक्यावर. हे नुसतं पत्ता सांगण्यासाठी सांगत नाही. पुढे जे घडलं ते सगळं गुरुत्वाकर्षणामुळे घडलं.

"पाणी माझ्या ओळखीचं आहे," हे नानांचं पेटंट वाक्य. तीस वर्षं धुळ्याला धरणाच्या ऑफिसात होतो, असं ते सांगतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरवाजे उघडणारा, पूर अडवणारा इंजिनिअर उभा राहतो. मीही दोन वर्षं त्याच समजुतीत होते. मग त्यांच्या निवृत्तीचा फोटो पाहिला. नाना टाइपरायटरशेजारी हार घालून उभे होते. धरणाचं पाणी त्यांनी पाहिलं ते बहुतेक कागदावर, तीन प्रतींत.

पण ओळख ती ओळख. लेंग्याच्या खिशात पान्हा, शर्टाच्या खिशात टेफ्लॉन टेपची गुंडाळी, आणि एम-सीलची पुडी तर माणसं सुपारी बाळगतात तशी. बिल्डिंगमध्ये नळ गळायला लागला की घरमालकाच्या आधी नानांना कळतं.

माझ्या स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. खरं तर वायसर बदलायचं काम, कुणीही करावं. नानांनी माझ्या सासऱ्यांची जुनी स्लीपर मागून घेतली, तिच्या तळव्यातून गोल चकती कापली आणि नळात बसवली. तोटीतून गळणं थांबलं. मग त्यांनी मेन कॉक सोडला आणि नळाच्या मानेतून पाणी उसळून थेट फोडणीच्या कढईत पडलं. मी किंचाळत मागे सरले. नाना भिजलेल्या चष्म्यातून कौतुकाने पाहत म्हणाले, "प्रेशर बघितलं? इतके दिवस झोपलेलं होतं."

वाणी काकांच्या फ्लशची टाकी सारखी वाहायची. नानांनी आतल्या फुग्याला सुतळी बांधली. वाहणं थांबलं. फक्त आता झाकण उचलायचं, सुतळी डावीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायची. काकांकडे पाहुणे आले की काकू चहाच्या आधी सुतळी समजावून सांगतात. त्यांचे नवे जावई पहिल्याच भेटीत उजवीकडे ओढून मोकळे झाले होते. नानांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

आणि गच्चीवरची टाकी! माझ्या शेजारच्या भंगाळे वहिनींनी बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे खानदेशी पापड, वाळत घातले होते. भल्या पहाटे उठून शिजवलेले, धोतरावर एकसारखे थापलेले. नानांनी त्याच दिवशी टाकीच्या फुग्याचा दांडा "थोडा शिस्तीत" वाकवला. नळाला पाणी यायचा दिवस होता. टाकी भरली आणि भरतच राहिली. बिबडे आधी भिजले, मग फुगले, मग पन्हाळीतून खाली रस्त्यावर आले. वहिनी महिनाभर नानांशी बोलल्या नाहीत. नानांचं म्हणणं, वहिनींनी उतार पाहून वाळवण घालायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊन लोक त्यांना बोलावतात कशाला? कुणीच बोलावत नाही. नाना येतात.

दुसऱ्याच्या घरात एवढे मोकळे वावरणारे नाना स्वतःच्या घरात मात्र कुणाला शिरू देत नसत. वाटी परत द्यायला गेलं तरी दार हातभर उघडायचं आणि त्या फटीत नाना. "अक्का झोपलीय." अक्का म्हणजे त्यांच्या बायको, एरंडोलकडच्या एका खेड्यातल्या. पूर्वी संध्याकाळी जिन्यात बसून आमच्यासोबत शेंगा सोलायच्या, मला "मास्तरीणबाई" म्हणायच्या. वर्षभरात त्या खाली दिसल्या नव्हत्या. सकाळी विचारा, दुपारी विचारा, अक्का झोपलेल्या. गुडघे दुखत असतील, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला होता. कुणाच्या बायकोच्या झोपेची चौकशी किती करणार?

मार्चमध्ये माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला ती नकाशासारखीच दिसायची. आधी एखाद्या तालुक्याएवढी होती. पंधरा दिवसांत जिल्हा झाला. मी वर गेले. नाना फटीतून म्हणाले, "घाम आहे. जळगावच्या उन्हात माणसाला येतो, भिंतीला नाही येणार?"

"नाना, भिंतीच्या घामाला साबणाचा वास येतोय."

ते विचारात पडले. "बघतो," म्हणाले. पुढचे आठ दिवस वरून ठोकण्याचा आवाज आला आणि जिल्ह्याचं राज्य झालं. मी पुन्हा वर गेले. नाना भिजलेले, कोपराला खरचटलेलं, हातात पान्हा. "एम-सील भरलंय. आता पाण्याच्या बापालाही वाट नाही." पाण्याच्या बापाचं माहीत नाही, पण पाणी त्याच संध्याकाळी आमच्या गिझरच्या बोर्डापर्यंत पोचलं. मी बटण दाबलं आणि हाताला सणकन झटका बसला. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. मी खाली बसले ती पाच मिनिटं उठलेच नाही.

आमचे हे रोज भुसावळला जा-ये करतात. त्यांनी आल्यावर मेन स्विच बंद केला आणि तडवी भाऊंना फोन लावला.

तडवी भाऊ वीस वर्षं प्लंबिंग करतात. कमी बोलतात. येऊन त्यांनी मान वर केली, छताला हात लावला, बोर्ड पाहिला आणि अहिराणी मिसळून मलाच झापलं. "मॅडम, वायसर घरी बदला. टेप गुंडाळा. मोरी तुंबली तर दांडा घालून बघा. त्याले कोन नही म्हणस? पण छत ओलं व्हयनं आणि पाणी लाइटना बोर्डकडे निंघनं, का मग वाट नका पाहू. जीवशी खेळ शे तो. चला वर. गळतंय वर, दिसतंय इथं."

रविवारची दुपार होती. मी आणि तडवी भाऊ वर गेलो. दार हातभर उघडलं.

"अक्का झोपलीय," नाना म्हणाले.

"नाना, मला शॉक बसला काल."

त्यांचा चेहरा उतरला. पण दार तेवढंच राहिलं. "मी करतो. आत्ता करतो. माझ्या घरात प्लंबर येणार नाही."

"तुमची हौस पुरे झाली आता!" माझा आवाज चढला. जिन्यात चार दारं उघडल्याचं ऐकू आलं. मला थांबता येईना. "स्लीपर कापून नळ होत नसतात! तुम्ही टायपिस्ट होतात नाना, टायपिस्ट! एखाद्याचा जीव गेल्यावर मान्य करणार का?"

खालून कुणीतरी हसलं. नाना माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नव्हते. काहीतरी ठरवत असल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी वाकून जिन्यात कोण कोण आहे ते पाहिलं, आम्हा दोघांना आत घेतलं आणि दार लावून कडी घातली.

बाथरूमच्या कोपऱ्यात तडवी भाऊ उकिडवे बसले. मोरीची जाळी काढली, तिच्याखालच्या ट्रॅपच्या भांड्यात हात घातला. जाळीखालचा पाइप चार-पाच वेळा उघडून पुन्हा जोडलेला होता, आणि दरवेळी थोडा अधिक वाकडा. गळती तिथलीच. ती निखालस नानांची कारागिरी, त्याबद्दल दुमत नाही. पण तडवी भाऊंचा हात अजून आतच होता. त्यांनी एक करडा, बुळबुळीत गोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. नाकाशी नेला.

"नाना, ही तर भाकर शे."

"मीच टाकली," नाना घाईघाईने म्हणाले. "टेस्टिंग. पाइप किती लोड घेतो ते बघत होतो. धरणालाही आधी असंच…"

त्यांच्या मागून पावलं वाजली. अक्का आल्या. नीट नेसलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात चतकोर भाकरी आणि वर गुळाचा खडा. झोपेतून उठलेल्या मुळीच वाटत नव्हत्या. मला पाहून ओळखीचं हसल्या नाहीत. मी कुणाकडे तरी आलेली पाहुणी असावी, तसं पाहिलं. मग तडवी भाऊंच्या शेजारी हळूहळू टेकल्या.

"सरक रे भाऊ. गाय भुकेली शे."

तडवी भाऊ सरकले. अक्कांनी भाकरी त्या उघड्या भोकात ठेवली, दोन बोटांनी आत लोटली, आणि ज्या फरशीला हात लावायची मला किळस वाटत होती तिला हात लावून तो कपाळाला लावला.

अक्कांनी मान वर करून नानांना विचारलं, "खादी का तिनी?"

"हाव," नाना म्हणाले. "बठ्ठी खादी. चल आते, ऊठ." त्यांनी दोन्ही हात धरून अक्कांना उठवलं, ओले हात स्वतःच्या शर्टाला पुसले आणि आत नेलं.

तडवी भाऊंनी ती भाकरी बाहेर काढली, कागदात गुंडाळली आणि बाजूला ठेवली. नानांचा वाकडा जोड कापून फेकला, नवा बसवला, पाणी सोडून पुन्हा पुन्हा पाहिलं. दोन तास लागले. जाताना म्हणाले, "नाना, तोंडाशी खोलगट जाळी बसाडी दिनी शे. भाकर वरच ऱ्हाई. त्या झोपल्या का काढी लेत जा. पण पाइप आते उघडू नका. त्यान्ह्यासाठी माले फोन करा."

नाना जिन्यापर्यंत सोडायला आले. तडवी भाऊ उतरून गेले तरी आम्ही तिथेच उभे होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष. भाकरी अजून तीच थापते, एकदम गोल. हाताला आठवतं. बाकी…" त्यांनी मान हलवली. "माहेरी गोठ्यात रोज तीच गाईला खाऊ घालायची. पहिल्यांदा तुंबलं तेव्हा मी प्लंबर आणला होता, दुसराच एक. त्याने भाकरी काढली आणि हिच्यासमोरच हसला. मग खाली चहाच्या टपरीवर सांगत बसला. दोन दिवस जेवली नाही ती. का ते तिला सांगता येईना."

"आम्हाला सांगितलं असतं तर, नाना?"

"तुम्ही सगळे मला हसता ना," ते म्हणाले, "ते चालतं मला."

जिन्यात मी काय काय बोलले होते ते मला आठवलं. नानांनी घसा खाकरला.

"तुमच्या छताचं प्लास्टर निघालं असेल. वाळलं की पुट्टी मी मारून देतो. त्यात पाइप नाही, काही नाही."

त्यांनी आयुष्यात पुट्टी मारलेली नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं. "या," मी म्हणाले. "अक्कांना घेऊन या."

पंधरा दिवसांनी ते आले. नाना स्टुलावर चढले. अक्कांना मी बाथरूमच्या दाराशी खुर्ची दिली, मांडीवर शेंगांचं ताट दिलं. बोटं लगेच चालू लागली. नानांनी पुट्टीचा पहिला थापा मारला, तो छताला क्षणभर चिकटला आणि सुटून थेट त्यांच्या टकलावर आला. अक्कांनी वर पाहिलं. शेंगा थांबल्या. आणि त्या हसल्या, अगदी पूर्वीसारख्या, पदर तोंडाला लावून.

"आते काय करशात?" त्यांनी विचारलं.

नानांचा दुसरा थापा हातातच राहिला. ते स्टुलावरून वाकून अक्कांकडे बघत राहिले. मग छताकडे वळले, उगाच इकडेतिकडे पाहिलं, आणि माझं लक्ष नाही असं समजून, पुन्हा अक्कांकडे तोंड करून, बोटभर पुट्टी स्वतःच्या नाकाला लावून घेतली.