पहारेकरी जागे ठेवणारे गोविंदकाका

झोपलेला वॉचमन दिसला की आमचे शेजारी गोविंदकाका त्याला उठवल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग तो आमच्या अपार्टमेंटचा असो, एटीएमचा असो की फंक्शन हॉलबाहेरचा. हातात थर्मास, पिशवीत कागदी पेले. "उठो मियाँ, ड्यूटी पे हो!" म्हणायचं आणि तो शिव्या घालायच्या आत चहा पुढे करायचा. आमच्या काचीगुड्याच्या भर दुपारच्या उन्हात माणूस डुलक्या घेणार नाही तर काय करणार? पण हे काकांना कोण सांगणार!

हा नाद गेल्या वर्षीचा. सुशीलाकाकूंना किडनीचा कर्करोग निघाला. ती किडनी काढली, तरी पुढे फुफ्फुसात गाठी दिसल्या. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. रोगाशी लढणाऱ्या आपल्या पहारेकरी पेशींवर ब्रेकसारखे काही रेणू असतात, कर्करोग नेमका तो ब्रेक दाबून त्यांना गप्प बसवतो. औषधानं ते दाबणं थांबलं की पेशी जाग्या होऊन कामाला लागतात. काहींना हे छान लागू पडतं, काहींना नाही, आधी नक्की सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. काकांनी त्यातलं एवढंच घरी आणलं, की पहारेकरी झोपता कामा नये.

रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीवर जन्म काढलेला माणूस. डोक्यात नियम बसला की बसला. या औषधाच्या पहिल्या सलाइननंतर त्यांनी काकूंची दुपारची झोपच बंद केली. तिसऱ्या दिवशी काकू कडाडल्या, "अहो, माझ्या आतले पहारेकरी उठवायचेत, मला नाही!" तेव्हापासून काकांनी गल्ली धरली.

कोपऱ्यावरच्या एटीएमचा यादगिरी त्यांना लांबून पाहूनच सॅल्यूट ठोकायचा. बँकेच्या साहेबांनी दोनदा अचानक तपासणी केली, दोन्ही वेळा गडी टक्क जागा. त्याला मोठ्या शाखेत नेलं आणि त्याच्या जागी आला तो बसल्या बसल्या घोरणारा. काका थेट मॅनेजरपुढे. "कायकू भेजे उसकू? अच्छा चल रहा था ना!" या खातेदाराची तक्रार नेमकी काय आहे, ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तर आठवडाभर हसत होतो.

स्कॅनचा निकाल मिळायचा त्या दिवशी मीच गाडी काढली. डॉक्टरांच्या दारापर्यंत काकांची बडबड चालू होती. नाव पुकारलं तसे म्हणाले, "तू जा हिच्यासंगं. मी इथंच बरा." आम्ही दोघं आत गेलो. गाठी वाढल्या नव्हत्या, एक तर निम्मी झाली होती. "औषध लागू पडतंय, चालू ठेवू," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आलो तर काका भिंतीकडे तोंड करून उभे. काकूंनी निकाल सांगितला. "हौ?" एवढंच बोलले. मग खिशातून घामानं मऊ पडलेला कागद काढला. काचीगुडा ते परभणी, दोघांचं तिकीट. काकू कित्येक वर्षं परभणीला माहेरी जाऊ म्हणत होत्या आणि हे "काय ठेवलंय तिथं?" म्हणून उडवून लावत होते.

"महिना झाला काढून," काका म्हणाले. "निकाल काय येतो या धाकानं तीनदा रद्द करायला खिडकीपर्यंत गेलो. फॉर्म घेतला. त्यावर हिचं नाव लिहवंना मला."

काकूंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "दोन्ही लोअर बर्थ?"

"दोन्ही," काका म्हणाले, आणि बाकावर बसून लहान पोरासारखे रडायला लागले. मलाही आवरलं नाही. काकू त्यांना खेटून बसल्या आणि भावजयीला साडी कोणत्या रंगाची न्यायची, ते विचारू लागल्या.