तपोवनची मोहीम, अर्थात झुंबररावांच्या अंगातील दाहाचा पाडाव

जे घडले तेच लिहावे, पदरचे काही घालू नये, ऐसी लेखणीस ताकीद देऊन हा मजकूर आरंभिला. शके १९२७, पार्थिव नाम संवत्सर, कार्तिक मास, मुक्काम नाशिक, पेठ पंचवटी. ते समयी कारंजावरील रिक्षाथांब्याचे मानकरी राजमान्य राजश्री झुंबरराव, वय वर्षे शेहेचाळीस, वजन एकशे आठ किलो, वीस वर्षे तीनचाकी वाहनावर आरूढ होते, आणि पायी चालणे हे ज्यांस रिक्षा मिळाली नाही त्यांचे काम, ऐसा त्यांचा समज दृढ जाहला होता.

त्यांचे वडील बंधू कोंडाजीराव, अंगलट तैशीच, मागील साली पन्नाशीत हृदय बंद पडोन कैलासवासी जाहले. तेव्हापासोन झुंबररावांचे कुटुंब, सौभाग्यवती नवसाबाईसाहेब, यांचे चित्तास स्वस्थता नव्हती. आणि त्यांनी एके दिवशी खाविंदांस धरोन डॉक्टर आशाताईंचे दवाखान्यात रुजू केले.

मग रक्ताचा तपास होऊन वर्तमान निघाले की, अंगात दाह असता रक्तात जो सीआरपी म्हणोन पदार्थ वाढतो, तो तीनचे आत असावा, तो साडेसात भरला. झुंबररावांनी हुज्जत घातली की, ताप नाही, सूज नाही, मग दाह कैसा? त्यावर खुलासा जाहला की, पोटातील चरबी ही निमूट पडोन राहणारी रयत नव्हे. ती अष्टौप्रहर कागाळ्या करोन शरीरास चेतविते, आणि तो मंद दाह बाहेर न दिसता हृदयाच्या रक्तवाहिन्या पोखरितो. सबब हुकूम सुटला की, बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास झपझप चालावे, आणि दोन दिवस खुर्चीवरोन उठबशा काढाव्या. छातीत दुखल्यास जागीच थांबोन कळवावे.

दुसरे दिवशी सकाळी सहास कूच जाहली. खासे झुंबरराव पांढरे बूट चढवोन आणि नवसाबाई स्वेटरावर पदर खोचोन तपोवनाकडे निघाले. दोनशे पावलांत दम लागोन खाशांनी विजेच्या खांबाचा आश्रय केला. इतक्यात थांब्यावरील स्नेही धनराज रिक्षा उभी करोन पुसते जाहले, "झुंबरशेठ, गाडी बंद पडली काय? बसा ना, सोडतो!" खाशांनी एक पाय आत ठेविलाही, परंतु नवसाबाईंनी बाही धरोन तो पाय माघारी आणिला. मग हे नित्याचे जाहले. पेठेतील एकूण एक रिक्षा प्रेमाने थांबे आणि मोहिमेस गनिमापेक्षा स्नेह्यांचाच उपद्रव फार होई.

सहावे आठवड्यात तपोवन न थांबता गाठू लागले. मग हुरूप येऊन खासे काट्यावर उभे राहिले, तो काटा एकशे सात दाखवी. दीड महिन्याची मोहीम आणि प्राप्ती एक किलो! ऐसे पाहोन हवालदिल जाहले आणि दोन दिवस पांघरुणाबाहेर आले नाहीत. "काटा हलत नाही, तर मीच कशाला हलू?" ऐसा निरोप आतून आला.

नवसाबाई उशाशी बसल्या. "काट्याचं मला काय करायचंय? भाऊजींना अमरधामला नेलं, तेव्हा जाऊबाईंकडं बघवत नव्हतं. मला तुम्हाला तपोवनात न्यायचंय. उठा."

झुंबरराव उठोन बसले. पोटामुळे हात बुटांस पोचेनात, सबब नाड्या नवसाबाईंनी बांधिल्या, आणि कूच पुन्हा सुरू जाहली.

माघ मासी मुदत भरली. परंतु खाशांस पडसे जाहले होते, आणि पडशानेही हा आकडा फुगतो म्हणोन डॉक्टरांनी रक्त घेण्याचे दोन आठवडे लांबणीवर टाकिले. मग कागद आला. सीआरपी चार. वजन एकशे सहा.

"दोनच किलो?" झुंबरराव खजील जाहले.

"वजन उतरलं असतं तर आणखी बरं होतं," आशाताई म्हणाल्या, "पण स्नायू कामाला लागले, की वजन फारसं न हलताही आतला दाह कमी होऊ शकतो. तुमचा झालाय. चालणं सोडलंत तर परत चढेल."

"म्हणजे धोका टळला?" नवसाबाईंनी पुसले.

"कमी झाला, बाई."

नवसाबाईंनी पदर डोळ्यांस लाविला. मग झुंबरराव हळू आवाजात बोलिले, "डॉक्टर, हिचंही रक्त बघा ना. रोज माझ्या पुढं चार पावलं तीच होती."

येणेप्रमाणे साडेसातावरोन चारावर फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल केली. खाशांचेच सांगण्यावरोन सरदारीचा मान सौभाग्यवती नवसाबाईसाहेब यांचे नावे लिहिला आहे. झुंबरराव हे जिंकिला गेलेला मुलूख होत.