सतराव्या दाढेची आणि आठव्या दाताची बखर

गजाननास नमन, शारदेस नमन, आणि धन्याचे खूळ उघड्या डोळ्यांनी पाहोन जे तोंड मिटून बसतात त्या सकळ चाकरांस नमन. शके सोळाशे एकोणसाठ, माघ मास. अंकनवीसांचे मते या सालाची बेरीज अशुभ येते, सबब दफ्तरी सोळाशे साठ लिहावे ऐसा हुकूम आहे. आम्ही खरे ते साल लिहिले. दफ्तरात बसून केस पांढरे जाहले, आता साल कोणते हेही अंकनवीसांचे चित्रांच्या पत्त्यांस पुसावे की काय?

ऐसियास वर्तमान ऐसे जे, महाराजांची डावीकडील खालची शेवटली दाढ किडली, आणि ठणका बैसला, आणि गाल सुजोन आला, आणि महाराजांनी अन्न टाकिले, मग नुसते पेजेवर राहिले आणि जो समोर येईल त्यावर डाफरू लागले. राणी म्हाळसाबाईसाहेब यांनी परमुलखातून दाऊदमियाँ म्हणोन नामांकित शस्त्रवैद्य आणविले. त्यांनी दाढ पाहिली आणि अर्ज केला की, पू धरला आहे, आजच काढावी, घटकाभराचे काम. येथेच प्रकरण संपावयाचे. परंतु सुखासुखी संपेल तर तो आमचा दरबार कसला? महाराजांस रणात भाल्याचे भय नाही, चिमट्याचे मात्र फार. ते चारचौघांत कसे बोलावे? म्हणोन आज्ञा केली की, अंकनवीसांस पुसा.

हे अंकनवीस म्हणजे गंगोपंत. कोणा फिरंगी कप्तानाने टॅरो म्हणोन चित्रांचे पत्ते महाराजांस नजर केले होते. चित्रावर आकडा असावा, आणि चित्र पाहोन भविष्य सांगावे, ऐसी त्या पत्त्यांची रीत. पंतांस चित्रे कळेनात, आकडे कळत, मग त्यांनी आपलेच शास्त्र काढिले की, आकड्यातील अंक एकमेकांत मिळवावे, एकच अंक उरेतोवर मिळवीत जावे, आणि त्या अंकाचा जो पत्ता तोच खरा मानावा. पहिले दिवशी तेरावा पत्ता निघाला. त्यावर साक्षात मृत्यू घोड्यावर बैसलेला. वैद्य म्हणाले, आता तरी त्वरा करा. पंतांनी एक आणि तीन मिळवून चार केले, आणि चौथे पत्त्यावर सिंहासनी बैसलेला राजा, सबब महाराजांनी स्वस्थ बसावे ऐसे सांगितले. महाराज बहुत संतोष पावले. दुसरे दिवशी सोळावा निघाला, कोसळता बुरूज. एक आणि सहा मिळोन सात, आणि सातवा पत्ता रथाचा, सबब महाराजांनी रथात बैसून नगरप्रदक्षिणा करावी. आमचे रस्ते कसे आहेत ते सांगणे न लगे. एकेका खड्ड्यास महाराज कळवळत, आणि प्रजेस वाटे की धनी आपणांस काही बोलतात, मग ती अधिकच फुले उधळी, आणि आम्ही मागे चालत कपाळास हात लावीत होतो.

तिसरे दिवशी ठणका सोसवेना, तेव्हां महाराज म्हणाले, काढा एकदाची. आम्हांस वाटले, सुटलो. तो पंत पुढे जाहले आणि पुसते जाहले की, दाढ कितवी? वर उजवीकडील शेवटल्या दाढेपासून मोजीत डावीकडे आले, मग खाली उतरले, तो दुखरी दाढ सतरावी भरली. पंतांनी एक आणि सात मिळविले, आठ आले, आणि निवाडा दिला की, सतरावी ही दिसावयाची, खरी ती आठवी. आठवा म्हणजे समोरचा वरला दात, धडधाकट, मोत्यासारखा. दाऊदमियाँ यांनी चिमटा पिशवीत घातला.

"मी दुखता दात काढतो," ते म्हणाले, "बेरजेचा काढीत नाही."

मग राजन्हावी सटवाजी यास हुकूम जाहला, आणि त्या बापड्याने तो दात उपटिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! रक्त बहुत गेले, आणि दाढ जागेवर, आणि ठणका जागेवर, आणि महाराज रागे भरू लागले तो शब्दागणिक शीळ वाजू लागली. पंत म्हणाले, गुण यावयास नऊ दिवस लागतील. आमचे नाकी नऊ आले होते त्याचे काय, ते कोणी पुसले नाही.

चौथे दिवशी सूज गळ्यास उतरली, पाणी गिळवेना, श्वास घरघरू लागला. दाऊदमियाँ यांनी बाईसाहेबांस स्पष्ट सांगितले की, सूर्यास्तापावेतो दाढ निघाली तर महाराज आहेत, नाही तर नाहीत. बाईसाहेब पदर खोचून महाली गेल्या. तेथे पाहावे तो महाराज तशाही स्थितीत पत्ता काढवीत आहेत. निघाला तो आठवा. पंतांची कळी खुलली. म्हणाले, आठवा दात गेला, आठवा पत्ता आला, कार्य सिद्धीस गेले, आता काहीच करणे नाही. महाराजांनी मान डोलाविली, आणि त्यांचे डोळ्यांतून पाणी वाहात होते. बाईसाहेबांनी तो पत्ता पंतांचे तोंडासमोर धरिला.

"आकडा राहू द्या. चित्र पाहा. काय आहे त्यात?"

पंत बहुत वेळ पाहत राहिले. इतक्या दिवसांत त्यांनी चित्र ऐसे पाहिलेच नव्हते.

"बाई आहे," ते म्हणाले. "दोहों हातीं सिंहाचा जबडा धरिला आहे."

"मग धरते."

आणि बाईसाहेबांनी महाराजांचे मस्तक मांडीवर घेतले, आणि दोहों हातीं जबडा उघडिला, आणि महाराजांनी त्यांचे बोटास कडकडून चावा घेतला तरी सोडिला नाही, आणि मानेनेच दाऊदमियाँस खूण केली. दाढ निघाली, पू वाहिला, श्वास मोकळा जाहला. महाराज कुशीवर वळोन निजले ते दुसरे दिवशी दोन प्रहरी उठले आणि पेज मागितली.

तात्पर्य इतकेच की, एक दाढ काढावयाची होती, तिजसाठी चार दिवस आणि एक चांगला दात लागला. महाराजांनी बरे होताच पहिला हुकूम केला की, पंतांचा आठ खरा ठरला, त्यांस गाव इनाम द्यावा. दाऊदमियाँस नारळ देऊन वाटेस लाविले. "अंकबळे प्राण वाचले" ऐसी सनद लिहावयाचे आमचे कपाळी आले. ती घेऊन आम्ही बाईसाहेबांकडे शिक्क्यास गेलो, आणि संतापाचे भरात बोलोन गेलो की, हे खोटे आमच्याने लिहवत नाही. बाईसाहेबांचे उजवे बोट फडक्यात बांधिले होते. त्यांनी डाव्या हाताने शिक्का केला.

"माणूस जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "लिहा काय ते."

लिहिले.