पान चाळीस

"पाचपर्यंत माझी सही झाली नाही, तर प्रकल्प बाद. वर्ष गेलं समज!" मार्गदर्शक सरांनी तिची संदर्भसूची टेबलावर आपटली. "सात पुस्तकांची नावं आणि प्रत्येकाखाली चार ओळींची टीप, एवढंच सांगितलं होतं. सातव्याखाली हे काय खरडलंयस?"

घरीदारी तिला सगळे 'चौकशी' म्हणत. तिने वाचून दाखवलं, "'खालून रेटा आल्याशिवाय वर काही येत नाही', हे समाजबदलाचं गाजलेलं वाक्य इतर सहाही पुस्तकांनी या ग्रंथाच्या पान चाळीसवरून घेतलं आहे. पान चाळीसवर ते नाही."

सर लालबुंद झाले. होणारच! सहातलं पहिलं पुस्तक त्यांचं. त्या एका वाक्यावर त्यांची डॉक्टरेट आणि बढती उभी होती. उरलेल्या पाचांनी तर मूळ ग्रंथ उघडलाच नव्हता. सरांचं उचललं, खाली मूळ ग्रंथाचं नाव ठोकलं, झाले विद्वान!

"पान फाडलं असेल कुणीतरी. चल ग्रंथालयात!"

ग्रंथपालबाईंनी पुस्तकाचं कार्ड पुढे सरकवलं. "पंचवीस वर्षांत हे दोघांनीच नेलंय. तेव्हा तुम्ही, आता ही. फाडलं असलंच, तर कुणी, ते तुम्हीच सांगा."

"मग बाइंडरने गाळलं!"

मागच्या खोलीतून बाइंडर आला, कोपरापर्यंत खळीने माखलेला. "मी? उभ्या जन्मात एक पान गाळलं नाही, साहेब." त्याने पुस्तक हातावर तोललं. "अहो, ही तर दोन पुस्तकं आहेत! तेव्हा पुठ्ठा मिळत नव्हता. वरून हुकूम होता, बारकी पुस्तकं जोडीने बांधा. कव्हरवर नाव पहिल्याचंच." त्याने मागची पानं उलटली. "हे घ्या, दुसरं पान चाळीस."

चौकशीने जीभ चावली. मागच्या आकृत्या तिने परिशिष्ट समजून सोडल्या होत्या.

सरांचा चेहरा उजळला. "'खालून रेटा आल्याशिवाय वर काही येत नाही.' बघ! आहे की नाही?"

"पुढचं वाचा ना, सर."

"'तरीही पाणी न आल्यास...'" सरांचा आवाज बसला. "'...वॉशर बदलावा.'"

ग्रंथपालबाई छताकडे बघू लागल्या.

"बरोबरच आहे की," बाइंडर म्हणाला. "वॉशर गेला, की हातपंप नुसता खडखडतो."

घड्याळात पावणेपाच झाले होते. चौकशीने पेन काढलं. "सर, टीप बदलू का?"

"बाकी काही बदलू नकोस," सर घाम पुसत म्हणाले. "फक्त ती 'पान चाळीसवर ते नाही' ही ओळ काढ. आणि हे... हे दुसरं पुस्तक आठवं म्हणून जोड, म्हणजे पान चाळीस खोटं ठरायचं नाही. इथून बाहेर एक शब्द जाता कामा नये."

तिने ओळ खोडली आणि आठवी टीप लिहिली, 'हातपंपाची देखभाल व दुरुस्ती. या सूचीतील एकमेव पुस्तक, ज्याच्या लेखकाने आपला विषय स्वतः उघडून पाहिला आहे.'

सरांनी न वाचताच सही ठोकली. वाचायची सवय असती, तर एवढं रामायण घडलंच नसतं.

सहा महिन्यांनी सरांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती आली. चौकशीने दुकानात उभ्याउभ्याच ती चाळली. वाक्य तेच होतं, त्याच जागी, तेवढ्याच दिमाखात. फक्त तळटीप बदलली होती, 'लोकपरंपरेतील प्राचीन वचन.'

वर्षाच्या आत उरलेल्या पाचांच्याही नव्या आवृत्त्या आल्या. त्यांनाही ते वचन लोकपरंपरेतच सापडलं होतं.