सभागृह वाचवणारा कावळा

एका जंगलात, मुलांनो, मी कावळा होतो. बातमीदार कावळा. तीस वर्षं एकाच फांदीवर बसून मी जंगलावर संतापत होतो, आणि जंगल मला मानत होतं.

त्या जंगलात एक दगडी सभागृह होतं. आमच्या आज्या-पणज्यांनी बांधलेलं. हत्तीने शिळा आणली, मुंगसाने खडा आणला. मधोमध एक चौथरा होता आणि त्याचा एकच नियम होता. चौथऱ्यावर जो बोलतो त्याला कोणी थांबवायचं नाही. सिंहानेसुद्धा नाही. एका सशाने तिथूनच सिंहाला सांगितलं होतं, "महाराज, तळं तुमच्या एकट्याचं नाही." सिंह खाली बसून ऐकत होता. शेपटी आपटत होता, पण ऐकत होता.

पुढे सभा कमी झाल्या. सिंहाने तिथे गवत साठवलं. मी लिहिलं, "सभागृहात गवत!" गवत हललं आणि लग्नं आली. मी लिहिलं, "सभागृहात वराती!" वराती हलल्या नाहीत. उलट मला आमंत्रणं येऊ लागली. निषेध म्हणून मी फक्त जिलेबी खाल्ली.

मग सिंहाने सशांचा माळ लांडग्यांना द्यायचं ठरवलं. हरकत असेल त्याने पौर्णिमेच्या सूर्यास्ताआधी चौथऱ्यावरून सांगावी, अशी दवंडी पिटली. धुरपदा नावाची म्हातारी ससीण सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे कोल्ह्याकडे, गेली.

"तारीख नाही, आजी. लग्नसराई आहे."

"मला घटकाभर पुरे. तीनच वाक्यं आहेत. पाठ करून आलेय."

"मग घरी म्हणा."

ती माझ्या झाडाखाली आली. "कावळेदादा, कोल्ह्याला एक शब्द सांगा माझ्यासाठी."

"एक शब्द? आजी, मी अग्रलेख लिहितो!"

आणि लिहिला. असा लिहिला की वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यात धुरपदाचं आणि माळाचं नाव तेवढं राहून गेलं. विषय मोठा होता.

जंगल खवळलं. सिंहानेही वाचलं. कोल्हा धावत आला.

"साहेब, जिंकलात! पौर्णिमेला एकही लग्न नाही. सभागृहात सभाच."

"कसली सभा?"

"सभागृह वाचवल्याबद्दल तुमचा जाहीर सत्कार!"

मी दोनदा नको म्हणालो. कोल्हा तिसऱ्यांदा विचारणार नाही असं दिसलं, तेव्हा हो म्हणालो.

पौर्णिमेला मला शाल मिळाली, नारळ मिळाला. सिंहाने स्वतः मला चौथऱ्यावर चढवलं. धुरपदा सकाळपासून पहिल्या रांगेत बसली होती. ओठ हलवत तीन वाक्यं घोळवत होती. मी बोलू लागलो. विषय होता, लहान प्राण्यांचा बोलण्याचा हक्क.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. धुरपदा उठली.

"दादा, उरका हो. सूर्य चाललाय!"

"शू!" कोल्हा म्हणाला. "चौथऱ्यावरच्याला थांबवायचं नाही. तुमच्याच आजोबांचा नियम आहे ना?"

मी ते ऐकलं, मुलांनो. नीट ऐकलं. पण तेव्हा मी पूर्वजांच्या त्यागापर्यंत आलो होतो. तिथे थांबता येत नाही.

मी थांबलो तेव्हा सूर्य मावळला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंह सगळ्यांत जोरात वाजवत होता.

आता माळावर लांडगे राहतात. ससे सभागृहात राहतात, पिल्लांसकट. चौथऱ्यावर धुरपदा पाला वाळत घालते. परवा मी तिथे गेलो, तर मला टेकायला जागा नाही.

"थांबा हं दादा," म्हणत तिने पाला बाजूला सारला. "तुम्हाला बोलायचं असेल ना?"

माझा संताप संताप झाला. फांदीवर परत आलो आणि लिहिलं, "सभागृहात ससे!"

तात्पर्य: दुबळ्यांच्या हक्कासाठी आपण सतत आणि भरपूर बोलावे. म्हणजे त्यांना स्वतः बोलण्याचे कष्ट पडत नाहीत.