धरकरी नस्रूखान यांचे कूच आणि दिगंबरराव उतरले ती हकीकत

श्रीचक्रद्वय प्रसन्न. चाकास, साखळीस आणि घंटीस नमन करून, ज्यांचे गुडघे फुटले त्या सकळ शूरांस दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सर, वैशाख मास, शाळांस सुट्टी आणि उन्हाचा कहर, ते समयी एक राज्य होते. पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस रेल्वेचे फाटक, मध्ये चिंचेचे मैदान, इतकाच मुलूख. परंतु राज्यकर्त्यांस बूड टेकवून बसणे ठाऊक नव्हते. घास तोंडात आणि पाय दारात, ऐसी रीत. राजे दिगंबरराव, चौथी पास, आणि त्यांचे वाहन म्हणजे तीर्थरूपांची काळी सायकल, राजांच्या छातीस लागेल इतकी उंच. तीर्थरूप दुपारी लवंडले की ती फौजेत दाखल होई. राजे कट्ट्यावरून स्वार होत, दांडीवर बसून सुसाट जात, आणि वळत ऐसे की बघणाऱ्याने डोळे मिटावे. परंतु उतरणे म्हणाल तर शून्य. पाय भुईस पोचेना, ब्रेक दाबावा तर सायकल कलंडे. म्हणोन त्या राज्यी रिवाज पडला की स्वारी परत आली म्हणजे धरकऱ्याने मागून धावावे, कॅरिअर गच्च धरावे आणि "टाक पाय!" म्हणोन ओरडावे, मग स्वाराने बेलाशक खाली यावे.

हा धरकरीपणाचा हुद्दा नस्रूखान यांजकडे. कालव्याच्या साहेबांचे ड्रायव्हर रहीमभाई, राजांचे शेजारी, त्यांचे हे चिरंजीव; अंगाने काडी, पण पकड ऐसी की बैल थांबावा. बाकीची पोरे ढोपरे फोडून उतरणे शिकली आणि राजांस टोचू लागली, "ए दिग्या, शिक की उतरायला! नस्रू काय जन्मभर पुरणारे?" तेव्हा राजे म्हणत, "तुझं काय जातंय? नस्रू आहे ना!" आणि नस्रूखानही ऐसे वेडे की म्हणत, "राहू दे रे, मी आहे." येथेच घोडे पेंड खाते जाहले. आजकालच्या पोरांस काय कळणार म्हणा! त्यांची सायकल त्यांच्याच मापाची, बाजूला दोन चिल्लर चाके, डोक्यावर टोपडे, आणि मागे आई पाण्याची बाटली घेऊन. असो. लिहिणाराचे डोके तापते, हकीकत राहून जाते.

मग रहीमभाईंची बदली जाहली, घाटापलीकडे, आणि राजांस चैन पडेना. अंथरुणावर बसवेना, ओट्यावर उभे राहवेना, नुसते घरात-दारात, दारात-घरात. मातोश्री म्हणाल्या, "पायाला भिंगरी लागलीय का रे तुझ्या? डोकं उठवलंस!" शेवटी दोघांनी मसलत केली ऐसी की ट्रक संध्याकाळी निघेल तेव्हा राजांनी फाटकापर्यंत बरोबर सायकल हाणावी, आणि तेथे नस्रूखानांनी उडी टाकून शेवटचे धरावे. शपथा जाहल्या. परंतु त्याच दुपारी मातोश्रींनी गव्हाचा डबा कॅरिअरला बांधला आणि राजांस सायकल ढकलीत गिरणीवर धाडले, आणि इकडे ट्रकवाला म्हणाला, "अंधारात घाटात गाडी घालणार नाही, आत्ताच निघतो." सामान चढले, नस्रूखान गाद्यांच्या ढिगावर चढले, आणि कूच जाहले. गिरणीत पट्ट्याचा खडखडाट, राजांस पत्ता नाही. दळण झाले, डबा पुन्हा बांधला, आणि तितक्यात शेजारची मंगल पळत आली, "अरे दिगू, इथं काय करतोस? ट्रक गेला की!" मग काय! राजांनी गिरणीच्या पायरीवरून सायकलवर झेप टाकिली, आणि गिरणीवाले तात्या ओरडले, "अरे झाकण सैल आहे!" आणि कोण ऐकतो! चिंच गेली, मैदान गेले, घशास कोरड, डोळ्यांत पाणी, आणि मुखी एकच, "थांबा रे, थांबा!"

दैवयोगे फाटक बंद होते. मालगाडी डबा डबा करीत चाललेली, आणि ट्रक उभा. गाद्यांवरून नस्रूखानांनी पाहिले, "आला! दिग्या आला!" म्हणोन खाली उडी टाकिली, धावले आणि कॅरिअर धरिले, तो झाकण उडाले आणि पिठाचा लोट उठून दोघेही पांढरे जाहले. "टाक पाय!" राजांनी पाय टाकला. रहीमभाई पोट धरून हसले. नस्रूची आई मात्र पदराने दोघांची तोंडे पुसू लागली, आणि पुसता पुसता तिचेच डोळे भरले. इतक्यात मालगाडी सरली, फाटक वर जाऊ लागले, ट्रकवाला हॉर्नवर बसला. तेव्हा नस्रूखानांनी झाकण गच्च आवळले, सायकल धरून राजांस वर चढविले. राजे म्हणाले, "आता घरी मला कोण धरील रे?" नस्रूखान नाक ओढून म्हणाले, "पडशील. पडलास की येईल उतरायला." आणि पाठीमागून जोरात ढकलून दिले.

राजे परतले, परंतु घरी उतरले नाहीत. मैदानाला घिरट्या सुरू जाहल्या, पोरे हात पसरून उभी राहिली, "ये, आम्ही धरतो!" राजे चुकवून जात. तीर्थरूप धोतर सावरीत आले, "गाढवा, उतर खाली!" राजे ओरडले, "नाही!" मातोश्री आडव्या धावल्या, "ये बाळा, मी धरते." राजे म्हणाले, "आई, तू सरक! कुणी धरायचं नाही मला!" आणि रडत रडत फिरत राहिले, चिंचेस वळसा, पुन्हा वळसा, ऊन गेले, सावल्या लांबल्या, पाय भरून आले. शेवटी कट्ट्याजवळ आपणच म्हणाले, "टाक पाय!" आणि पाय टाकिला. सायकल एकीकडे, डबा एकीकडे, राजे धुळीत. मातोश्री म्हणाल्या, "पीठ गेलं चुलीत! लागलं का रे कुठं?" कोपर फुटले होते. राजे उठले आणि मागे वळोन पाहते जाहले. मागे कोणी नव्हते.

इत्यलम. राज्य मोडले, चिंच पाडली, फाटकावर पूल जाहला. ते कोपर थंडीत अजून ठणकते, त्यामुळे हे लिहिताना हात वारंवार थांबला, त्याची माफी असावी. नस्रूखान यांचा पुढे ठाव लागला नाही. ही बखर त्यांचे हाती पडल्यास त्यांणी जाणावे की दिगंबररावांस आता उतरता येते. तरी धरावयास यावे.